तिकडे उजाडेपर्यंत

ओशिमा बेट
२८ ऑक्टोबर १९७७

ती. दादास,
संत्र्यांच्या बागेतून मिसाओचा वाकून नमस्कार.

वि. वि. काल ओरिएवहिनीचा फोन आला. ती एरवी कधी फोन करत नाही, म्हणून मी हातातली कात्री टाकून धावले. तर म्हणाली, तुमचा भाऊ या वयात बिघडला. दारू नाही, बाई नाही, रेडिओ! म्हणे तू रोज रात्री मागच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसतोस, घरापासून शेजाऱ्याच्या कुरणापर्यंत दीडशे मीटर तार ओढली आहेस, आणि तिने त्या तारेवर चादर वाळत घातली तर तिच्या अंगावर ओरडलास. अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, आणि तेही चादरीवरून!

तुला ऐकायचं तरी काय असतं रे एवढं? आमच्याकडे दोन केंद्रं लागतात. एकावर बेसबॉल, एकावर संत्र्यांचे भाव, तेवढ्यात आमचं भागतं. आमचे हे म्हणतात, जन्मभर आगगाडीच्या शिट्ट्या ऐकून मेव्हण्यांच्या कानाला सवय लागली असेल, शांतता सोसत नसेल. योशिझोंचं बोलणं तुला माहीत आहे, मनावर घेऊ नकोस. पण वहिनीला नेमुरोच्या त्या थंडीत एकटीने झोपायला लावू नकोस, एवढंच सांगते.

तोडणी सुरू झाली. एक पेटी रेल्वेने पाठवली आहे. वरचा थर आधी खा, तो पिकलेला आहे.

रागावलास तरी चालेल, माया कमी करू नकोस.

तुझी मिसाओ


नेमुरो
८ नोव्हेंबर १९७७

चि. मिसा हिला,
दादाचे आशीर्वाद, आणि दादाच्या रेडिओचेही.

संत्री पोहोचली. वरचा थर वहिनीनेच संपवला, त्यामुळे चादरीचं प्रकरण मिटलं आहे. इकडे पहिला बर्फ पडून गेला.

योशिझोंना सांग, त्यांचं बोलणं अगदी बरोबर आहे. स्टेशनातून निवृत्त झालो आणि शांतता अंगावर यायला लागली. शेवटची गाडी गेली की कंदील उतरवायचा, ही जन्माची सवय. आता कंदील नाही आणि झोपही नाही. म्हणून एक रेडिओ आणला. एका संध्याकाळी सहज काटा फिरवत होतो. दिवसभर पाच केंद्रं लागतात. सूर्य बुडाला आणि बघता बघता काट्याच्या प्रत्येक खुणेवर कुणी ना कुणी बोलायला लागलं. व्लादिवोस्तोकची एक बाई, तिच्या खाली कोरियातलं गाणं, त्याच्याही खाली चिनी बातम्या. मिसा, हे आवाज दिवसाही तिथून निघतात, पण उन्हात इथवर टिकत नाहीत. रात्र झाली की आकाशाच्या वरच्या थरावर आपटून, समुद्रावर आपटून, पुन्हा वर, असे येतात. आपण लहानपणी चपट्या दगडाने पाण्यावर भाकऱ्या करायचो ना, अगदी तसे.

आता खरी गोष्ट सांगतो. रविवारी रात्री एकच्या सुमाराला आपली केंद्रं यंत्रांच्या देखभालीसाठी बंद होतात. एकेक जण शुभरात्री म्हणतो आणि विझतो. जत्रा उठल्यावर मैदान किती मोठं दिसतं, तसं होतं. परवा त्या मोकळ्या जागेत पूर्वेकडून एक बारीक आवाज आला. म्हातारी बाई, जपानी बोलणारी. आधी वाटलं, आपलंच एखादं केंद्र उघडं राहिलं. मग निवेदिकेने सांगितलं, इथे होनोलुलूत सकाळचे सहा वाजून अठरा मिनिटं झाली आहेत.

साडेपाच हजार किलोमीटर, मध्ये एक दिवा नाही. आणि केंद्राची ताकद म्हणशील तर तुमच्या फवारणीच्या पंपाएवढी.

पण मी हललो ते त्याने नाही. ती म्हातारी लोणच्याच्या आल्याबद्दल काहीतरी सांगत होती आणि दर वाक्याच्या शेवटी म्हणत होती, जाकेऽ. आपल्या बेटावर म्हणतात तसंच, तो हेल काढून. मी ते इकडे येऊन विसरलो, तूही हल्ली शहरी बोलतेस. आजीनंतर मी ते पहिल्यांदा ऐकलं. खुर्चीत सरळ बसलो, जणू आजीच खोलीत आली.

तुला कुणाची आठवण झाली, ते मला कळव. मला झाली.

लोभ आहेच, तो तसाच ठेव.

तोकुजी


ओशिमा
१७ नोव्हेंबर १९७७

ती. दादास,
नमस्कार. वहिनीलाही सांग.

तुझं पत्र मी शेडच्या मागे उभी राहून वाचलं. मला कुणाची आठवण झाली, हे तू विचारायला हवं होतंस का? हवाई हा शब्द आपल्या घरात त्रेपन्न वर्षं कुणी काढला नाही. मीही लिहिताना आत्ता दाराकडे बघितलं.

किनुएताई गेली तेव्हा मी पाच वर्षांची. मला तिचा चेहरा आठवत नाही. केसांना लावायच्या कामेलियाच्या तेलाचा वास आठवतो, आणि मला पाठुंगळीला घेऊन बंदराच्या पायऱ्या उतरताना ती पायऱ्या मोजायची, ते आठवतं. बाकी सगळं ऐकलेलं. फोटो बघून ठरवलेल्या नवऱ्याकडे गेली, नऊ महिन्यांत त्याला सोडलं आणि ओकिनावाच्या कुठल्या सुताराबरोबर राहिली. बाबांनी सांगितलं, या घरात या नावाचं कुणी नव्हतं. त्या सोडलेल्या नवऱ्याचं घर दोन गल्ल्यांपलीकडे आहे, त्याचा पुतण्या आजही शेडमध्ये ह्यांच्या शेजारी उभा राहून संत्री निवडतो.

ह्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, जुनी राख उकरू नका. मी म्हटलं, राख असेल तर हरकत काय, भाजणार थोडीच.

दादा, ती असेल का? एकाहत्तर म्हणजे फार नाही.

मिसाओला विसरू नकोस म्हणणारी,
मिसाओ


नेमुरो
२९ नोव्हेंबर १९७७

चि. मिसा,
आशीर्वाद. थंडी उणे सहावर गेली आहे, वहिनी बरी आहे.

तीन सोमवार ऐकलं. एकदा फक्त चिनी वाद्यं, दोनदा होनोलुलू. रविवारी सकाळचा तो त्यांचा म्हाताऱ्यांचा कार्यक्रम आहे. गाणं, लोणचं, आणि मधे मृत्यूच्या बातम्या. कोण गेलं, किती वर्षांचं, आणि मूळ गाव कुठलं. आपलं ओशिमा दोनदा आलं. प्रत्येक वेळी मी श्वास धरून बसतो. नाव दुसऱ्या कुणाचं निघालं की सुटल्यासारखं वाटतं, मग कुणी तरी मेलं आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो याची लाज वाटते.

आणि एक गोष्ट आहे, ती मी कधी विसरणार नाही. पावणेदोननंतर आवाज पातळ व्हायला लागतो. तुटत नाही, पातळ होतो, दूध पाण्यात गेल्यासारखा. दोनच्या आत काहीच उरत नाही. पहिल्यांदा वाटलं, तार तुटली. मग पंचांग काढून हिशेब केला. त्या मिनिटाला तिकडे सूर्य उगवतो. मिसा, इकडे खिडकीबाहेर काळाकुट्ट अंधार आणि बर्फ, आणि मी कानाने तिकडचं उजाडणं ऐकतो. दोन्ही वेळा. मी चाळीस वर्षं घड्याळाच्या काट्यावर काम केलं, पण पृथ्वी खरोखर फिरते हे मला आत्ता कळलं.

आता जे तुला सांगायचं होतं ते. ताई गेल्यावर तिची पत्रं आली, हे तुला माहीत नाही. बाबा पाकिटावर लिहायचे, घेण्यास नकार. आणि ते पाकीट पोस्टात परत द्यायला कोण जायचं? मी. बारा वर्षांचा होतो, पहिलं नेलं तेव्हा. शेवटचं नेलं तेव्हा पंधरा. नऊ पत्रं, मी मोजली आहेत. एक मी वाटेत उन्हात धरलं होतं. आतून फक्त एक शब्द दिसला, तोकु. माझंच नाव. तरी नेऊन दिलं.

हे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही.

काल केंद्राला ऐकल्याचा अहवाल पाठवला. हा छंद असलेले सगळेच पाठवतात. कुठल्या मिनिटाला काय ऐकू आलं, आवाज किती स्वच्छ होता, सगळं लिहायचं, आणि ते जुळलं तर केंद्र तसं लिहून कार्ड पाठवतं. त्याला एक वेगळा कागद जोडला. त्यावर ताईचं नाव, वय, गाव.

तुझा राग समजू शकेन असा,
तोकुजी


ओशिमा
१२ डिसेंबर १९७७

ती. दादास,
नमस्कार.

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. मुद्दामच लिहिलं नाही. मला राग आला होता, आणि अजून थोडा आहे. पोस्टात नेलीस त्याचा नाही. लहान होतास, बाबांपुढे आईचंही चालत नव्हतं. पण आई जायच्या आधी महिनाभर अंथरुणावर होती, तेव्हा तरी तिला सांगायचंस की पत्रं यायची. ती शेवटपर्यंत समजत होती की मुलीने एक ओळही लिहिली नाही.

हे लिहून टाकलं. आता परत काढणार नाही.

शनिवारी ह्यांचा खिशातला छोटा रेडिओ घेऊन मी टेकडीवर बागेच्या माथ्यावर गेले. रात्री साडेदहाला, एकटी! हे खालून हाका मारत होते की रानडुकरं आहेत. काटा फिरवला तर कोरिया, कोरिया, हिरोशिमा, कोरिया. हात गारठले, आता उठावं म्हटलं, आणि एकदम स्वच्छ आवाज: नेमुरो, उणे सात, वायव्येचा जोराचा वारा, लहान होड्यांनी बाहेर पडू नये. साप्पोरोचं केंद्र होतं.

दादा, तुझ्या घरावरचं वारं मी आमच्या टेकडीवर उभी राहून ऐकलं. तेव्हाच्या तेव्हा. तू आत काय करत असशील तेही दिसलं. खाली बंदरावरचे दिवे, वर चांदण्या, आणि त्यांच्या मधून हे सगळं आमच्या डोक्यावरून रोज जात असतं, आणि आम्ही संत्र्यांचे भाव ऐकतो! मला रडू आलं. खाली आले तर ह्यांना वाटलं डुकराने धरलं.

आता मी तुला चिडवणार नाही. थोडंच चिडवेन.

माझा राग आणि माझी माया, दोन्ही सांभाळ.

मिसाओ


नेमुरो
२० जानेवारी १९७८

चि. मिसा,
आशीर्वाद. हे पत्र बसून वाच.

होनोलुलूहून पाकीट आलं. कार्ड आहे, माझा अहवाल मिनिटागणिक बरोबर असल्याचं लिहिलंय. आणि निवेदिका इवाकामीबाईंचं पत्र.

ताई आहे. होनोलुलूतच.

दोनदा वाचून झालं असेल तर पुढे वाच. बाईंनी माझा कागद कार्यक्रमात वाचून दाखवला. दुपारी ताईची मुलगी केंद्रात आली. म्हणाली, आई स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत होती, ऐकता ऐकता तिने चूल बंद केली आणि उठून आतल्या खोलीत गेली. बाईंनी ताईला गाठून विचारलं की भावाला पत्ता देऊ का. ताईचं उत्तर बाईंनी जसंच्या तसं लिहिलं आहे. ती म्हणाली, मी पत्र लिहिणार नाही, पुष्कळ लिहिली. फोनही घेणार नाही. रेडिओवर बोलेन. तिथे बोललेलं कुणाला परत पाठवता येत नाही.

तिचं बरोबर आहे.

सोमवार १३ फेब्रुवारी, आपल्या रात्रीचा साधारण दीड. त्यांचा सूर्य उगवायच्या आधीचा शेवटचा अर्धा तास. पण मिसा, माझ्या हातात काही नाही. जानेवारीतले दोन सोमवार खरखरीशिवाय काही ऐकू आलं नाही. सूर्यावर कुठे वादळ उठलं की आकाशाचा तो थर विस्कटतो. आला आवाज तर आला. मी तार नव्याने ताणली आहे, खांब दोन वाढवले आहेत. वहिनी शेगडी घेऊन शेजारी बसायला लागली आहे.

तुला कसं ऐकवू, हा विचार करतोय.

तोकुजी


ओशिमा
२५ जानेवारी १९७८

ती. दादास,
मी येते. बस, चार आगगाड्या, मधे एक बोट. तीन दिवस लागतात, ह्यांनी वेळापत्रक लिहून दिलं आणि स्वतःची लोकरी बंडीही दिली. हिरोशिमाच्या पलीकडे मी कधी गेले नाही. दहा फेब्रुवारीला संध्याकाळी स्टेशनवर उभा राहा. जुना कंदील असला तर आण, म्हणजे तू ओळखू येशील. आपण भेटून अकरा वर्षं झाली.

मिसाओ


नेमुरो
१४ फेब्रुवारी १९७८

ती. किनुएताईस,
तोकुजी आणि मिसाओ यांचा एका कागदावर नमस्कार.

पत्र येऊ नये असं तू म्हणाली नव्हतीस, तू लिहिणार नाहीस एवढंच म्हणालीस, म्हणून केंद्राच्या पत्त्यावर हे पाठवतो. मला दुसरं काही नीट लिहिता येत नाही, तेव्हा ऐकल्याचा अहवालच लिहितो. मधे मधे मिसा लिहील, तिचं अक्षर तिरकं आहे.

एक वाजून दोन मिनिटं. आमची सगळी केंद्रं बंद. खोलीत आम्ही तिघं, तिसरी ओरिए, माझी बायको.

एक एकोणीस. इवाकामीबाईंचा पहिला धागा. हवा एकवीस अंश, वारा मंद. बाहेर आमच्याकडे उणे चौदा.

एक सत्तावीस. तू. आधी खाकरलीस. मग विचारलंस, या डब्यात बोलायचं का. (ताई, मी मिसाओ. मला तुझा आवाज आठवत नव्हता, असं मी सगळ्यांना सांगत आले. खोटं निघालं. पहिल्या शब्दाला ओळखला.)

एक अठ्ठावीस. तू बाबांचं नाव घेतलंस, पूर्ण, मानाने. मग म्हणालीस, तोकु ऐकत असेल तर त्याने मान हलवावी. हलवली.

एक तीस. मेव्हण्यांबद्दल सांगितलंस. सेईतोकु त्यांचं नाव. सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांनी हाताने बांधलेल्या न्हाणीला पश्चिमेकडे खिडकी ठेवली, तू मागितली नसताना. चार मुलं, अकरा नातवंडं.

एक तेहेतीस. आईचं नाव घेतलंस.

एक चौतीस ते एक छत्तीस. आवाज गेला. नुसती खरखर.

एक सदतीस. परत आलीस, हवाईत आलुबुखार चांगले मिळत नाहीत म्हणून त्याऐवजी काय खारवायचं ते सांगत होतीस. ओरिएने उतरवून घेतलं.

एक एकेचाळीस. विचारलंस, टेकडीवरची बाग आहे का. (मी आहे म्हणून ओरडले. रेडिओकडे तोंड करून! दादा म्हणतो, एवढ्या जोरात ओरडलीस की कदाचित तारेशिवायच पोहोचलं असेल.)

एक अठ्ठेचाळीस. पातळ व्हायला लागलीस. शेवटचा शब्द ऐकू आला तो, जाकेऽ. एक त्रेपन्नला काही नाही. तुमच्याकडे उजाडलं.

आम्ही तिघं बाहेर गेलो. उत्तरेकडून वाहत आलेल्या बर्फाने समुद्र भरला होता, तो अंधारात करकरत होता. पूर्वेकडे बघत उभे राहिलो, थंडीने पाय बधिर होईपर्यंत.

ताई, तुझी नऊ पत्रं पोस्टात परत नेऊन देणारा मी. हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं. आईला वाटायचं, तू एकही लिहिलं नाहीस.

आणि एक विनंती. एक चौतीस ते छत्तीसमध्ये तू काय बोललीस ते आमचं हुकलं. आईबद्दल होतं, म्हणून जीव टांगलाय. कुणाकडून तरी लिहून पाठव.

तुझ्या आशीर्वादाची वाट बघणारे,
तोकुजी, मिसाओ


होनोलुलू
२ मार्च १९७८

चि. तोकु आणि चि. मिसा यांना,
अनेक आशीर्वाद, साठलेले.

लिहिणार नाही म्हणाले होते. तेव्हा हे पत्र नाही, दुरुस्ती आहे.

तोकु, पत्रांचं मनाला लावून घेऊ नकोस. बारा वर्षांचा पोरगा काय करणार होता? बाबा कसे होते ते तुझ्याआधी मला माहीत. तू पायात चप्पल न घालता पळत गेला असशील, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर येतं. आईचं मात्र मला माहीत नव्हतं. ते कळल्यावर दोन दिवस मी रेडिओ लावला नाही. मिसा, तिच्या थडग्याच्या दगडासमोर जाऊन सांग की पत्रं होती. मोठ्याने सांग, तुला ओरडता येतं.

मुलगी म्हणते उन्हाळ्यात विमानाने जाऊन येऊ. माझे गुडघे आणि मी विचार करतोय.

आता दुरुस्ती. तोकु, तुझा कागद इवाकामीबाईंनी घड्याळाशी लावून पाहिला. सगळा बरोबर आहे, एक जागा सोडून. एक चौतीस ते छत्तीस आवाज गेला नव्हता. मी आईचं नाव घेतलं आणि पुढचं येईना. तोंड उघडं, शब्द नाही. बाईंनी काचेपलीकडून हात वर केला, म्हणजे थांबा, घाई नाही. गाणंही लावलं नाही. दोन मिनिटं मी तशीच बसले आणि इकडचे सगळे म्हातारे आपापल्या स्वयंपाकघरात थांबले.

तेव्हा तुझ्या तारेला आणि आकाशाला दोष देऊ नकोस. तिथे 'आवाज गेला' लिहिलंयस ते खोड, आणि 'ऐकू आलं' असं लिही.

तुमची ताई,
किनुए